एकफेरीच्या सहा फेऱ्या

चांगलं काम करणाऱ्याला लोक दुसऱ्यांदा बोलावत नाहीत, ही साधी गोष्ट कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या लक्षात यायला बावीस वर्षं लागली. तोपर्यंत तो बिचारा खुशीत होता. त्याला सगळे 'एकफेरी' म्हणायचे. हे नाव ठेवलं सुट्या भागांच्या दुकानदारानं. बाकीचे कारागीर एकेका मशीनसाठी तीन तीन चकरा मारायचे, आज हा भाग बदल, उद्या तो बदल. आणि हा गडी एकदाच जायचा, नीट बघायचा, दुरुस्त करायचा आणि विषय संपवायचा. नाव चिकटलं. पुढे गिऱ्हाइकंसुद्धा फोनवर विचारू लागली, "एकफेरी बोलताय का?" आणि तो म्हणायचा, "बोलतोय. काय होतंय मशीनला?" जसं काही आईबापांनीच हौसेनं ते नाव ठेवलं होतं.

त्याची पद्धत ठरलेली होती. झाकण उघडण्याआधी गिऱ्हाइकाला बोलू द्यायचं. मशीन कधी बंद पडतं, त्याआधी तुम्ही काय करत होता, आवाज बदलतो का. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या पंख्याला किंवा पंपाला हलकेच टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आतली घरघर सरळ डोक्यात उतरते. आणि सगळं झालं की शेवटी भट्टी. भट्टी हा त्याचाच शब्द. म्हणजे मशीनला अर्धा तास पूर्ण ताकदीनं राबवायचं आणि समोर बसून तापमानाचा आकडा बघायचा. आकडा वर जाऊन एका जागी थांबला तर काम पास. चढतच राहिला तर पुन्हा उघडायचं. त्या अर्ध्या तासात घरातली माणसं आपापल्या उद्योगाला निघून जायची आणि हा परक्या खोलीत आकड्यासमोर बसून राहायचा. अशी हजारो घरं त्यानं अर्धा अर्धा तास पाहिली होती. कुठल्या घरात भिंतीवर कसला फोटो आहे हे त्याला आठवायचं. फोटोतली माणसं कोण, हे विचारायची वेळ कधी आली नाही.

राहायला तो थोरल्या भावाकडे होता, मागच्या खोलीत. लग्न राहून गेलं. आधी वडिलांचं आजारपण, मग घराचं बांधकाम, मग पुतणीचं शिक्षण, आणि मग एके दिवशी बघतो तर बावन्न वर्षं पूर्ण. भाऊ चांगला होता, वहिनी त्याहून चांगली. ताट झाकून ठेवलेलं असायचं, कपड्यांच्या घड्या घातलेल्या असायच्या. पण घरात त्याच्या नावानं हाक उठायची ती इंटरनेट गेलं की. "काका, बघा ना जरा!" काका उठायचा, वायफायचा डबा बंद करून चालू करायचा, आणि सगळे पुन्हा आपापल्या पडद्यात तोंड घालायचे. कामापुरता मामा म्हणतात, तसा हा कामापुरता काका. त्याला याचं वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतंय हे ज्याला सांगावं असं कोणी नव्हतं.

एका मंगळवारी सकाळी त्याला एडिटरबाईंचा फोन आला. लोकांच्या लग्नांचं चित्रण कापून, जोडून, त्याचा नीटनेटका व्हिडिओ करून द्यायचा, हे त्यांचं काम. घरी बसूनच करायच्या.

"अहो, व्हिडिओ तयार होत होत नव्वद टक्क्यांपर्यंत जातो आणि मशीन धाडकन बंद पडतं," त्या म्हणाल्या. "काल तीनदा झालं. नवरीकडचे लोक रोज फोन करतायत. लग्नाला दीड महिना झाला. आता त्यांची पहिली भांडणंसुद्धा उरकली असतील, पण माझा व्हिडिओ काही होत नाही."

एकफेरीला हसू आलं. फोनवर हसायची सवय नसल्यामुळे ते खोकल्यासारखं बाहेर पडलं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीला काळा कागद लावलेला, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे रंग खरे दिसावेत म्हणून. भिंतीला लागून टेबल, त्यावर दोन पडदे, आणि टेबलाखाली, कपाट आणि टेबलाचा पाय यांच्या मधल्या फटीत, मशीनचं कॅबिनेट कोंबलेलं. एडिटरबाई पंचेचाळिशीच्या पुढच्या. केसांत पेन्सिल खोचलेली आणि तीच पेन्सिल त्या टेबलावर शोधत होत्या. आतल्या खोलीत त्यांची आई. तिला जवळजवळ दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते.

"कोण आलंय गं?" आतून आवाज आला.

"मशीनवाले, आई. मशीनच्या पाण्याचं काहीतरी बिघडलं असेल."

"मशीनमध्ये पाणी?"

"असतं, आई. थंड ठेवायला."

"आणि मला इतकी वर्षं ओरडतेस, त्याच्याजवळ पेला ठेवू नकोस म्हणून!"

म्हातारीचं तसं चुकलं नव्हतं. मशीनमध्ये प्रोसेसर असतो, सगळी डोकेफोड तोच करतो, आणि डोकं चालवलं की तापतो. या मशीनमध्ये त्याच्या डोक्यावर एक तांब्याची पट्टी बसवलेली होती आणि पट्टीवर छोटा पंप. पंप दोन नळ्यांतून पाणी फिरवतो. पाणी उष्णता उचलून रेडिएटरकडे नेतं, तिथले पंखे ती बाहेर फेकतात, गार झालेलं पाणी परत येतं. सगळं सीलबंद. वर्षानुवर्षं त्याच्याकडे बघावं लागत नाही, म्हणून एक दिवस ते गपचूप बंद पडतं.

एकफेरीनं बाईंना व्हिडिओ तयार करायला लावायला सांगितलं आणि आकडा बघत बसला. सत्तर, पंच्याऐंशी, सत्त्याण्णव. त्यानं पंपाला बोट लावलं तर चटका बसला, आणि रेडिएटरला लावलं तर तो गार. स्क्रूड्रायव्हर टेकवून ऐकलं. आधी गुळगुळ, मग एकदा खरखर, मग काहीच नाही.

"पाणी फिरतच नाहीये," तो म्हणाला. "पंप गेला. नवीन कूलर लागेल. दुपारी घेऊन येतो."

"म्हणजे दोन फेऱ्या झाल्या की तुमच्या!"

"दुकानात जाऊन येणं फेरीत धरत नाहीत," तो गंभीरपणे म्हणाला, आणि बाई हसल्या. त्याला ते फार आवडलं.

दुपारी त्यानं जुना कूलर उतरवला, प्रोसेसर पुसून लख्ख केला, नव्याचं खोकं उघडलं. बाई तोवर एका जुन्या लॅपटॉपवर लग्नाची दृश्यं निवडत बसल्या होत्या.

"अहो, एक विचारू का? तुम्ही तिऱ्हाईत आहात म्हणून विचारते. हे बघा जरा. ठेवू की कापू?"

नवा कूलर हातात घेऊनच तो वाकला. पडद्यावर नवरानवरीभोवती नातेवाईक फोटोसाठी उभे राहत होते. एक वयस्कर माणूस लगबगीनं आला, कडेला उभा राहिला, कोटाचं बटण लावलं. फोटो काढणाऱ्यानं त्याला हातानं बाजूला व्हायची खूण केली. हा फोटो बहुधा जवळच्या लोकांचा होता. माणूस बाजूला झाला आणि रचून ठेवलेल्या खुर्च्यांजवळ जाऊन उभा राहिला. सगळा वेळ तो हसत होता.

"अकरा सेकंद आहेत," बाई म्हणाल्या. "नवरीकडचे म्हणतात, फालतू ते सगळं उडवा."

"ठेवा," एकफेरी म्हणाला.

"का?"

त्यानं हातातल्या कूलरनंच पडद्यावरच्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं. "त्याला वाटलं असेल, कोणी बघितलं नाही," तो म्हणाला. "पण बघितलं ना आपण."

बाई खुर्ची वळवून त्याच्याकडे बघू लागल्या. मग तो माणूस कोण असेल यावर दोघांची चर्चा सुरू झाली. बाईंच्या मते नवरीच्या बापाचा जुना शेजारी. याच्या मते नवऱ्याचा लांबचा काका, कारण कोट उसना होता आणि शेजारी उसना कोट घालून येत नाही. बाईंना ते पटलं. मशीन सोडून दुसऱ्या कुठल्याही बाबतीत 'तुम्हाला काय वाटतं' असं त्याला कोणी किती वर्षांत विचारलं नव्हतं! तो बोलत राहिला, आणि हात आपले सवयीनं काम करत राहिले. उष्णता पुढे नेणाऱ्या पेस्टचा ठिपका, त्यावर पट्टी, चार कोपऱ्यांचे चार स्क्रू.

मशीन चालू झालं. आता भट्टी लावायची. पण बाई म्हणाल्या, "अर्ध्या तासाचा व्हिडिओ जोडून झालाय. बघता का? सलग बघणारं कोणी मिळतच नाही मला." तो बसला. भट्टीचा अर्धा तास लग्न बघण्यात गेला. नुसता व्हिडिओ बघताना मशीनला फार काम नसतं. आकडा साठाच्या आसपास राहिला, आणि त्यानं तेवढ्यावर समाधान मानलं. शेवटचा पक्का व्हिडिओ आईचं जेवण झाल्यावर करायला लावेन, असं बाई म्हणाल्या. तो घरी गेला तेव्हा भावानं विचारलं, "आज उशीर?" एवढंच. पण त्यालासुद्धा त्यानं तीन वाक्यांत उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. "अहो, पुन्हा बंद पडलं."

बावीस वर्षांत हे वाक्य त्यानं ऐकलं नव्हतं. बस पकडून तो निघाला आणि वाटभर हिशेब करत राहिला: वीजपुरवठा कमी पडत असेल, पंखे उलटे बसले असतील, नव्या पंपातच खोट असेल. लाज वाटत होती. आणि लाजेच्या तळाशी, खरं सांगायचं तर, त्याला आनंद होत होता. परत जायला मिळणार म्हणून. तो आनंद त्याला स्वतःला कळला तेव्हा तो आणखी ओशाळला.

बाई आत आईला भरवत होत्या. त्यानं चार स्क्रू काढले, पट्टी उचलली आणि बघतच राहिला. काखेत कळसा अन् गावाला वळसा! नव्या कूलरच्या तांब्याच्या पट्टीवर एक पातळ पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं येतं, ओरखडे पडू नयेत म्हणून. त्यावर लाल अक्षरांत छापलेलं असतं की बसवण्यापूर्वी हे काढा. ते तसंच होतं. उष्णतेनं सुरकुतलेलं, पण अक्षरं व्यवस्थित वाचता येत होती. धंद्यात नवशिक्याची चूक म्हणून जिला हसतात, ती हीच. एकफेरीनं स्वतः ती सांगून लोकांना हसवलं होतं.

त्यानं प्लास्टिक सोललं, सगळं पुसलं, नवी पेस्ट लावली, पट्टी बसवली आणि या वेळी पुरा अर्धा तास भट्टी लावली. आकडा चौसष्टवर जाऊन थांबला. हलला नाही. मशीन ठणठणीत बरं झालं होतं.

बाई हात पुसत बाहेर आल्या. "काय होतं हो?"

दोन वाक्यांचं काम होतं. पण ती दोन वाक्यं बोलल्यावर पुढचं त्याला दिसत होतं. बाई हसतील किंवा चिडतील, मग म्हणतील, बरं झालं, चला. आणि संपलं. या खोलीतही त्याचा अर्धा तास होऊन गेला असता.

"पाण्यात हवा राहिली असेल," तो म्हणाला. "नवीन असताना पाणी बसायला वेळ लागतो. चार दिवसांनी येऊन बघून जातो मी."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोट्यात नको तितकं खरं मिसळतो. असल्या कूलरमध्ये हवा राहू शकते, पंपात अडकून गुळगुळ करू शकते, कॅबिनेट तिरकं केलं की वर निघून जाते; हे सगळं खरंच आहे. फक्त या मशीनमध्ये त्यातलं काही नव्हतं. प्लास्टिकचा बोळा त्यानं कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकला आणि घरी गेला.

चार दिवसांनी तो गेला. त्यानंतर पुन्हा पाच दिवसांनी. त्यानंतर आणखी एकदा. वहिनीच्या नजरेतून काय सुटतंय?

"भावोजी, शर्टाला इस्त्री?" ती म्हणाली. "मशीन बघायला चाललात, की मशीनच तुम्हाला बघायला यायचंय?"

"काहीतरीच काय, वहिनी," तो म्हणाला आणि पायात चपला उलट्या घातल्या.

तिथे गेला की तो कॅबिनेटचं झाकण काढायचा, आत टॉर्च मारायचा, कॅबिनेट जरा तिरकं करायचा, कान लावायचा, "हं" म्हणायचा. हा प्रयोग दहा मिनिटांचा. मग बाईंनी त्याच्यासाठी ओढून ठेवलेल्या दुसऱ्या खुर्चीवर बसायचं. चहा यायचा. बाई दृश्यं दाखवायच्या, हा ठेवा-कापा सांगायचा, आणि दर वेळी कडेला उभ्या असलेल्या माणसांची बाजू घ्यायचा. बाई म्हणायच्या, "तुमचं ऐकलं तर नवरानवरी दिसायचेच नाहीत कुठे." तो हसायचा. आता न खोकता.

एकदा आतून आई म्हणाली, "पाण्याचं बघणारे आलेत ना? मग न्हाणीघरातला नळ का नाही बघत? रात्रंदिवस ठिबकतोय."

"आई, ते नळवाले नाहीत!"

पण एकफेरी उठलाच. जाऊन नळ खोलला आणि आतला झिजलेला रबर बदलून दिला. म्हातारी दाराला धरून उभी राहिली आणि बोलत राहिली. मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो, तिकडे ये म्हणून सारखा मागे लागलाय. सून लाख चांगली आहे. "पण त्या घराचा मला अंदाज नाही हो," ती म्हणाली. "इथे भिंतीला हात लावला की कळतं, मी कुठे आहे ते. ही घरी काम करते म्हणून निभतंय माझं."

निघताना बाई दर वेळी विचारायच्या, "आता ठीक आहे ना मशीन?" आणि हा दर वेळी थोडी फट ठेवायचा. "तसं ठीक आहे. पण बघावं लागेल."

पाचव्या फेरीला त्याला दिसलं की कॅबिनेटचं झाकण बाजूला काढून ठेवलंय आणि समोर घरातला टेबलपंखा लावलाय. बाई दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून व्हिडिओ तयार करत होत्या, मध्ये थांबून मशीन गार होऊ देत होत्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. चोराच्या मनात चांदणं. त्याला वाटलं, बाईंना संशय आलाय. त्यांच्या मनात आपलं खोटं उघडं पडलंय की काय, एवढीच त्याला भीती. त्या कशानं सुकल्यात, हे त्यानं विचारलं नाही. "गुरुवारी येतो," म्हणून तो निघून आला.

गुरुवारी तो गेला तेव्हा दार सताड उघडं होतं. बाहेरच्या खोलीत खोकी मांडलेली. खिडकीचा काळा कागद निघाला होता आणि एवढ्या उजेडात ती खोली त्याला ओळखू येईना. आतल्या खोलीत आईची गादी गुंडाळून ठेवलेली, आणि आई पलंगाच्या कडेला मांडीवर पिशवी घेऊन बसलेली.

"बरं झालं आलात," बाई म्हणाल्या. "मशीन विकतेय मी. चार वाजता एकजण घ्यायला येतोय. त्याला जे असेल ते खरं सांगा तुम्ही. मला कोणाला फसवायचं नाही."

"विकताय? का?"

"एका स्टुडिओत नोकरी धरली. सोमवारपासून. दहा ते सात, मशीनं त्यांचीच. आईला दादाकडे पोचवतेय आज."

"पण का?"

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू तो वेड पांघरतोय. "अहो, तुम्हीच तर दर वेळी म्हणता, बघावं लागेल. तुमचा नंबर घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला होता, हा माणूस एकदाच येतो, दुसऱ्यांदा यायची वेळच येत नाही. आणि माझ्याकडे तुम्ही पाच वेळा आलात! दुसरं कोणी असतं तर मी म्हटलं असतं, कारागीर कच्चा आहे. पण तुमच्यासारख्या माणसाला जमत नाही म्हणजे ते मशीन आता होणारच नाही. दोन मोठी कामं नाकारली मी. मध्येच बंद पडलं तर लोकांना काय तोंड दाखवू?"

एकफेरी कॅबिनेटकडे बघत उभा राहिला. गप्प राहता आलं असतं. चार वाजता येणाऱ्या माणसाला सांगायचं, मशीन उत्तम आहे, आणि ते खरंच होतं. तो घेऊन गेला असता, बाई सोमवारी कामाला गेल्या असत्या, आणि एकफेरीचं नाव जिथल्या तिथे राहिलं असतं. कोणाला कधी काही कळलं नसतं.

"अगं," आतून आई म्हणाली, "तिकडे माझ्या पलंगापासून मोरीपर्यंत किती पावलं आहेत गं? मोजून ठेवायला सांग ना दादाला."

"मशीनला काही झालेलं नाही," एकफेरी म्हणाला.

"काय?"

"काही झालेलं नाही. दुसऱ्या दिवशीच ते बरं झालं होतं. चूक माझी होती. नव्या कूलरच्या पट्टीवर प्लास्टिक असतं, ते काढायचं विसरलो मी. तुमच्याशी बोलत होतो, त्या नादात. म्हणून ते तापलं. दुसऱ्या दिवशी काढलं आणि झालं." त्यानं बॅग खाली ठेवली. "पुढच्या तीन फेऱ्या उगाच मारल्या."

"उगाच म्हणजे?"

"इथे यायला मिळावं म्हणून."

बाई खोक्याच्या कडेवर बसल्या. "हवा राहिली, पाणी बसायला वेळ लागतो, ते सगळं?"

"खोटं."

"मी आईचं सामान बांधलं हो," त्या म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. मग त्या उठल्या, मशीनची वायर लावली आणि म्हणाल्या, "दाखवा मला."

त्यानं भट्टी लावली. बाईंनी दुसरी खुर्ची ओढली आणि हाताची घडी घालून आकड्यासमोर बसल्या. पंखे जोरात फिरू लागले. पन्नास, अठ्ठावन्न, त्रेसष्ट, चौसष्ट. तिथे आकडा थांबला. अर्धा तास दोघं शेजारी शेजारी बसून त्या चौसष्टकडे बघत होते. बावीस वर्षांत भट्टीला त्याच्याबरोबर बसलेलं हे पहिलंच माणूस, आणि ते त्याच्याशी एक अक्षर बोलत नव्हतं.

अर्धा तास झाल्यावर बाईंनी तीन फोन केले. घ्यायला येणाऱ्या माणसाला म्हणाल्या, येऊ नका. स्टुडिओवाल्यांची माफी मागितली, बरीच. भावाला म्हणाल्या, "आई येत नाहीये. नाही रे, कोणी रागावलं नाही, मग सांगते." आत आईनं हे ऐकलं आणि कोणी काही सांगायच्या आधीच पिशवीची चेन उघडून एकेक वस्तू चाचपत बाहेर काढायला सुरुवात केली.

एकफेरीनं स्क्रूड्रायव्हर पुसून बॅगेत ठेवला. दाराशी बाई आल्या.

"तुम्ही नुसतं 'येऊ का' एवढं विचारलं असतंत," त्या म्हणाल्या, "तर मी काय नाही म्हणणार होते?"

हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. काम नसताना कोणाच्या घरी जाता येतं, आणि त्यासाठी फक्त विचारायचं असतं, हे त्याला खरोखर सुचलं नव्हतं. त्यानं धीर गोळा केला.

"आता विचारू का?"

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. रागानं नव्हे. "आता नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही काहीही बोललात तरी मला वाटत राहील, हे खरं की उगाच."

त्यानं मान हलवली आणि तो जिना उतरू लागला. पहिल्या वळणावर पोचला तेव्हा वरून, उघड्या दारातून, आईचा आवाज आला. "गेले का गं ते? परत कधी येणारेत?"

तो कठड्याला धरून थांबला. उत्तर ऐकल्याशिवाय त्याला पुढची पायरी उतरता येईना.

"मशीन बरं झालंय, आई," बाई म्हणाल्या. "आता कशाला येतील?"